ट्रेलर किती उचलायचा आणि तंबू किती

रूफटॉप तंबू मुळात गाडीच्या टपासाठी बनलेला असतो. बोलेरोची उंची १८८० मिलिमीटर. टपावर कॅरिअर आणि त्यावर तंबू चढवला की तंबूचा तळ जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास जातो. शिडी आणि तंबूखाली लटकणारी कापडी खोली, म्हणजे अ‍ॅनेक्स, दोन्ही साधारण त्याच मापाने येतात. तोच तंबू छोट्या कॅम्पिंग ट्रेलरवर बसवला की तळ सव्वा मीटरच्याही खाली राहतो. शिडी उगाच लांब वाटते, अ‍ॅनेक्सचं कापड जमिनीवर गोळा होतं, आणि मालक वेल्डिंगवाल्याकडे जाऊन म्हणतो, "मिस्त्री, ट्रेलर उचलायचाय."

मिस्त्री उचलून देईल. आपल्याकडे ऊसाच्या ट्रॉल्यांमुळे कराड, इस्लामपूर, पलूस, वाई कुठेही जा, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि एक्सल कोळून प्यालेला माणूस सापडतोच. पण नेमकं काय उचलायचं हे तुम्हालाच ठरवून जावं लागतं. इथे दोन वेगळ्या उंच्या आहेत. एक चेसिसची, म्हणजे चाकांवरच्या मूळ सांगाड्याची, जी खडबडीत रस्त्यासाठी लागते. दुसरी तंबूची, जी फक्त मुक्कामाच्या जागी लागते. पहिली चाकाजवळ वाढवायची आणि बेतानेच. दुसरी वरच्या सांगाड्यातून मिळवायची, आणि तीही अशी की प्रवासात ती खाली बसेल. हे पक्कं डोक्यात ठेवलंत तर बाकीचं काम सरळ आहे.

आधी मापं, वरून खाली

सपाट सिमेंटच्या कोब्यावर ट्रेलर उभा करा. पाण्याचा कॅन, गॅस, खुर्च्या, जे काही नेहमी नेणार ते सगळं आत भरा. रिकाम्या ट्रेलरची मापं घेऊ नका, पाटे वजनाखाली बसतात आणि हिशेब चुकतो. दांडी जमिनीला समांतर ठेवा, त्यावर लेव्हल बॉटल ठेवून खात्री करा. मग तंबूचा तळ जिथे येणार त्या आडव्या पाइपापासून खाली मोजत या: तळ, बॉडीची वरची कड, चेसिसची खालची कड, एक्सल, आणि शेवटी कपलरची, म्हणजे दांडीच्या टोकाला गाडीच्या बॉलवर बसणाऱ्या कपाची, उंची. गाडीमागच्या टो बॉलची उंचीही लिहून घ्या, गाडीत नेहमीचं सामान आणि माणसं बसवून.

उदाहरणासाठी असा ट्रेलर धरू: तंबूचा तळ ११५० मिलिमीटर, चेसिसची खालची कड ४००, चाकं १४५/८० आर १२ मापाची, दोन चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर.

आता शिडी. उघडणाऱ्या तंबूत निम्मा तळ ट्रेलरच्या बाहेर अधांतरी असतो आणि त्या बाजूचा भार शिडीच पेलते. त्यामुळे तिचा कोन महत्त्वाचा. ७० ते ७५ अंशांत ती नीट उभी राहते. ७२ अंश धरले तर तळाच्या उंचीला ०.९५ ने भागा, शिडीची लांबी मिळते. तळ १.७४ मीटरवर असेल तर शिडी साधारण १.८३ मीटर लागते आणि तिचा पाय तळाच्या कडेपासून ५७ सेंटिमीटर पुढे टेकतो. मिस्त्रीला ऑर्डर देण्याआधी तुमची शिडी त्या लांबीवर लॉक होते का ते बघा. सरकत्या शिड्यांना ठरावीक टप्पेच असतात, आणि अधल्या-मधल्या लांबीवर दगड ठेवून जुळवलेली शिडी रात्री दगा देते.

अ‍ॅनेक्स वापरणारच नसाल तर माझं सरळ मत: तंबू उचलूच नका. १.२-१.३ मीटरवरचा तंबू घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना चढायला सोपा, वाऱ्यात शांत, आणि खर्च शून्य. ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ताशी ५४ किलोमीटरचा वारा उघड्या तंबूच्या तीन चौरस मीटर कापडावर साधारण ५० किलोचा आडवा दाब देतो, आणि तंबू जितका उंच तितका तो दाब ट्रेलरला जास्त हलवतो.

चेसिस उचलायचे रस्ते

दोन चांगले रस्ते आहेत. मोठी चाकं, किंवा पाटे एक्सलच्या खालून वर घेणं.

चाकांचा हिशेब असा: १४५/८० आर १२ चा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर. बोलेरोचं २१५/७५ आर १५ चाक ७०३ मिलिमीटरचं. फरकाचा निम्मा, म्हणजे ८३ मिलिमीटर, ट्रेलर वर येतो. याचा मोठा फायदा असा की एक्सलसुद्धा वर येतो. बामणोलीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा घासतो तो एक्सलला, चेसिसला नाही. शिवाय गाडीची स्टेपनी ट्रेलरलाही चालते. त्यासाठी हबची, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागाची, भोकं जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर हबच बदला. भोकं मोठी करून किंवा नवी पाडून चाक बसवून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

दुसरा रस्ता लीफ स्प्रिंगचा, म्हणजे आपल्या कमानपाट्यांचा. बऱ्याच लहान ट्रेलरांत पाटे एक्सलच्या खाली बांधलेले असतात. ते एक्सलच्या वर आणले की चेसिस वर येते. किती, ते मोजता येतं: एक्सलची जाडी, पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी, आणि जुन्या-नव्या दोन्ही बैठकींच्या, म्हणजे एक्सलवर वेल्ड केलेल्या ज्या पट्ट्यांना पाटे टेकतात त्यांची जाडी. ५० मिलिमीटरचा चौकोनी एक्सल, २८ मिलिमीटरचे पाटे, ६-६ मिलिमीटरच्या दोन बैठकी, बेरीज ९०. एक्सल मात्र जमिनीपासून होता तिथेच राहतो. फक्त त्याच्याखाली लोंबणारे पाटे आणि प्लेट निघून जातात.

दोन्ही एकदम केले तर १७३ मिलिमीटर होतात. नका करू. एक पुरे. कुठला निवडायचा? तुम्ही मुख्यतः डांबरी आणि थोड्या कच्च्या रस्त्याने जाणार असाल तर पाटे वर घेणं स्वस्त पडतं. खरंच आडवाटेला जाणार असाल आणि चाकांचा खर्च झेपत असेल तर चाकं. रबरी टॉर्शन एक्सल (पाट्यांऐवजी आतल्या रबराच्या पिळावर झुलणारा) असेल तर पाट्यांचा प्रश्नच नाही, चेसिस आणि एक्सलच्या ब्रॅकेटमध्ये मजबूत चौकोनी पाइपाचा ठोकळा घालतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, आणि कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. तुमची नोंदणी एमएच ११ साताऱ्याची असो, एमएच ५० कराडची की एमएच १० सांगलीची, लोखंड कापायच्या आधी आरटीओत जाऊन काय लागतं ते विचारून या. वेल्डिंग झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

मिस्त्रीकडे जाताना

वेळ बघून जा. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, त्याआधीचे दोन महिने प्रत्येक वर्कशॉपसमोर ट्रॉल्यांची रांग असते. तुमचं 'हौसेचं काम' कोपऱ्यात पडून राहील. गळीत हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, तोच मिस्त्री चहा पाजून काम करतो.

दुसरी गोष्ट, ट्रॉलीवाल्याची सवय असते जाड लोखंड आणि भरपूर वेल्डिंग. दहा टन ऊस ट्रॅक्टरमागे सावकाश नेणाऱ्या गाडीला ते ठीक. तुमचा चार-पाचशे किलोचा ट्रेलर महामार्गावर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जाणार आहे, त्याला प्रत्येक जास्तीचा किलो भारी पडतो. "दादा, हलकंच करा, पण सरळ करा," हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलून टाका.

पाटे वर घेताना

ट्रेलर जॅकने उचलून चेसिसखाली चार भक्कम स्टँड लावा. जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चाकं काढा, पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडा, एक्सल मोकळा करा. हब आणि बेअरिंगही काढून घ्या. नाहीच काढले तर वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प बैठकीच्या अगदी शेजारी, एक्सलवरच लावायला सांगा. तो चेसिसला कुठेतरी दूर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. ते लगेच दिसत नाहीत, पुढे घाटात बेअरिंग बोंबलायला लागतं तेव्हा कळतं.

इथे एक मोह होतो: एक्सलच उलटा करून टाकू, म्हणजे जुनी बैठक आपोआप वर येईल. करू नका. बऱ्याच एक्सलना मधोमध वरच्या बाजूला हलका बाक दिलेला असतो, भार आला की चाकं उभी राहावीत म्हणून. एक्सल उलटला की बाक उलटा होतो, चाकं वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. एक्सल आहे तसाच ठेवून वरच्या बाजूला नव्या बैठकी वेल्ड करायच्या.

बैठक म्हणजे मध्ये भोक असलेली जाड पट्टी. पाट्यांचा गठ्ठा मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं त्या भोकात बसतं आणि एक्सल पुढे-मागे सरकू देत नाही. वेल्ड करायच्या जागचा रंग आणि जस्ताचा थर ग्राइंडरने पूर्ण काढा. जस्तावर वेल्डिंग केलं की जोड कच्चा राहतो आणि धुराने मिस्त्रीला थंडीताप भरतो. वेल्ड एक्सलच्या लांबीच्या दिशेनेच मारायचा, दोन्ही कडांनी. एक्सलला आडवा वेल्ड मारला की तिथून तडा जायला जागा मिळते. दोन्ही बैठकी एकाच पातळीत आहेत हे गुण्या आणि लेव्हल लावून बघा, आधी नुसते टाके मारून, मग पक्कं वेल्डिंग.

आता नवख्यांना कुणी सांगत नाही ती गोष्ट. पाटे खाली होते तेव्हा सेंटर बोल्टचं डोकं वर, एक्सलकडे होतं. आता एक्सल खाली आला, म्हणजे डोकंही खाली हवं. बोल्ट काढून उलटा घालावा लागतो. पाट्यांच्या गठ्ठ्यात ताण साठलेला असतो, नट सुटला की पाटे फटकन फाकतात. सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत सी-क्लॅम्प घट्ट आवळूनच नट सोडा आणि तोंड त्या बाजूला आणू नका. बोल्ट नवीनच वापरा. यू-बोल्टही नवीन घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसाच धरत नाही, आणि लांबीही आता वेगळी लागू शकते.

सगळं जुळवल्यावर यू-बोल्टचे चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून, समोरासमोर आवळायचे. मग कपलरच्या मध्यापासून एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत टेप लावा. दोन्ही मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक राहिला तर ट्रेलर रस्त्यावर तिरका चालेल आणि टायर खाईल. फरक असेल तर यू-बोल्ट सैल करून बैठकीतली जागा तपासा. शॅकलचे, म्हणजे पाट्यांचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्यांचे, बोल्ट शेवटचे आवळायचे ते ट्रेलर स्वतःच्या चाकांवर उतरवल्यावर, नाहीतर रबरी बुश पीळ बसून लवकर फाटतात.

उंची बदलली की आणखी काय काय बदलतं

मडगार्ड आणि टायर यांत, पाटे पूर्ण दबले तरी, तीन बोटं जागा राहिली पाहिजे. ब्रेकची केबल असेल तर तिची लांबी बघा. दिव्यांची वायर ताणली जात नाही ना, तेही. चार कोपऱ्यांचे स्टँड आणि दांडीखालचं पुढचं छोटं चाक आता ९० मिलिमीटरने आखूड पडणार. हे हमखास विसरलं जातं आणि लक्षात येतं ते पहिल्या मुक्कामाला, अंधारात.

सगळ्यात महत्त्वाचा कपलर. ट्रेलर जोडल्यावर दांडी समांतर, किंवा नाकाकडे किंचित खाली झुकलेली असावी. नाक वर राहिलं की बॉलवरचं वजन कमी होतं आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. बॉलवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा असावा, पण तुमच्या गाडीच्या आणि हूकच्या मर्यादेतच. ४८५ किलोच्या ट्रेलरला ४५-५० किलो. मोजायला घरातला वजनकाटा चालतो: त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि दांडी टो बॉलच्या उंचीवर येईल अशी टेकवा. कपलर वर गेलाच असेल तर तो दांडीच्या वरून काढून खालच्या बाजूला बसवणं किंवा गाडीकडचा बॉल वर घेणं, दोन्ही चालतं. सेफ्टी चेन दोन, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन.

तंबूची उंची सरकत्या खांबांनी

आपल्या उदाहरणात पाटे वर घेतल्यावर तंबूचा तळ १२४० मिलिमीटरवर आला. अ‍ॅनेक्ससाठी अजून अर्धा मीटर हवा. तो कायमचा वाढवायचा नाही, त्याचं कारण आकड्यांत बघा. सामानासह ट्रेलर ४०० किलो, त्याचा गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरवर. तंबू आणि वरचा सांगाडा ८५ किलो, १३०० मिलिमीटरवर. एकत्र गुरुत्वमध्य सुमारे ६८० वर येतो. चाकांमधल्या अंतराचा निम्मा, ६५०, त्याला या उंचीने भागलं की ०.९५. हा आकडा जितका लहान तितकं वळणावर आतलं चाक लवकर उचलतं. चेसिस ९० ने वर घेतली की आकडा ०.८४ च्या आसपास. त्यावर तंबू कायमचा अर्धा मीटर उंच ठेवला तर ०.७६. यवतेश्वरच्या घाटात हा फरक हातातल्या स्टिअरिंगला जाणवतो.

म्हणून खांब सरकते. बाहेरचा ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, चेसिसच्या खालच्या कडेपासून तंबूच्या तळापर्यंत, ७५० मिलिमीटर लांब. चार कोपऱ्यांना चार, चेसिसला आणि बॉडीच्या वरच्या कडेला धरलेले. आत ४० बाय ४० बाय ३ चा तेवढाच लांब पाइप. तो ५०० मिलिमीटर वर ओढला तरी २५० आत राहतो. यापेक्षा कमी आत ठेवू नका. बाहेरच्या पाइपाची आतली मोकळी जागा ४४ मिलिमीटर, म्हणजे चार मिलिमीटरचा खेळ राहतो. त्यात नायलॉनच्या पट्ट्या घाला, नाहीतर कूस बदलली तरी सांगाडा खडखडतो. १२ मिलिमीटरच्या आरपार पिना, दोन उंच्यांना भोकं: एक प्रवासाचं, एक मुक्कामाचं. आठही पाइपांचं वजन मिळून साधारण २३ किलो होतं. मुक्कामाच्या उंचीला तंबूचा तळ १७४० मिलिमीटर, पाच फूट आठ इंच. खाली उभं राहून चहा करता येतो.

खांब वर ओढले की सांगाडा आडवा डुलतो. दोन लांब बाजूंना आणि मागे कर्णरेषेत रॅचेट पट्टे किंवा टर्नबकल (फिरवून ताण वाढवायचा स्क्रू) लावलेली सहा मिलिमीटरची वायररोप ताणा. पुढून मोकळं सोडलं तरी चालतं. तंबू वर उचलताना चार कोपऱ्यांना चार माणसं, एकाने "चला" म्हणायचं आणि पिना लगेच घालायच्या. दोघंच असाल तर आधी एक बाजू, पण एका भोकापुरतीच, मग दुसरी. त्यासाठी मधली एक-दोन भोकं पाडून घ्या.

तंबूच्या तळाखाली आडवे पाइप तीन द्या, दोनवर भागवू नका. तंबूसोबत आलेल्या पट्ट्या त्याच रेषेत बसवून नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट लावा. तंबू उघडण्याची बाजू रस्त्याच्या विरुद्ध, म्हणजे ट्रेलरच्या डावीकडे ठेवा.

मुक्कामाला उतरताना क्रम असा असतो: चाकांना अडथळे, मग चारही स्टँड, मग खांब, मग कर्णपट्टे, मग तंबू, शेवटी शिडी. स्टँड न लावता मागून कुणी चढलं की गाडीपासून सोडवलेल्या ट्रेलरची दांडी उभी राहते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत स्टँड खचतात, त्यांच्याखाली एक फूट चौरस फळ्या ठेवा. उलट कासच्या बाजूला वर जांभा आहे, त्यात खुंटी जात नाही, तिथे दोऱ्या दगडांना किंवा पाण्याच्या भरलेल्या कॅनना बांधाव्या लागतात. कास पठारावर मुक्काम करायचा नसतो, खालच्या बाजूला बामणोलीकडे खाजगी जागा आहेत, तिथे विचारून उतरा.

रस्त्यावर पहिल्यांदा

पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरची, गावातल्या गावात, गतिरोधकांवरून. सांगलीकरांना कुपवाडच्या एमआयडीसीतले रस्ते रविवारी त्यासाठी मोकळे असतात. मग भरलेला ट्रेलर, खांब खाली, महामार्गावर मध्यम वेगाने. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून हबला हात लावा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलेलं आहे किंवा ग्रीस कमी आहे. टायरच्या बाजूला आणि मडगार्डच्या आत घासल्याच्या खुणा बघा. त्यानंतर घाट. सातारकरांनी यवतेश्वर, पाटणकरांनी कुंभार्ली. उतरताना चढाच्या गिअरमध्येच उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही, कारण ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचं सगळं वजन गाडीचेच ब्रेक अडवत असतात. रात्रीसाठी मागे लाल परावर्तक पट्टी लावा, हंगामात बिनदिव्यांच्या ट्रॉल्या बघून तिचं महत्त्व आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

शंभर किलोमीटर झाले की यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, पाटे बसल्यावर ते हमखास थोडे सैल होतात. त्याच वेळी नव्या वेल्डवर तारेच्या ब्रशने घासून केसाएवढी चीर आहे का बघा, आणि ठीक असेल तरच वर रेड ऑक्साइड आणि रंग द्या. आधी रंगवलेल्या वेल्डची चीर दिसत नाही.